हसणाऱ्यांचा हिशेब

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा मंदिरातून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होतो. छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. आयुष्यात लिहिलं ते व्हाउचर आणि लेजर. पण एक गोष्ट फार दिवस मनात आहे, ती आपल्यासारख्या भक्तमंडळींपुढे ठेवावी असं वाटलं. प्रश्न साधाच आहे. उतारवयात मनात एखादी इच्छा असते, ती आपण बोलून दाखवतो आणि चारचौघं हसतात. अशा वेळी माणसाने काय करावं?

हा प्रश्न मला पडला तो हसणाऱ्याच्या बाजूने. ते आधी कबूल करतो.

१९९४ सालची गोष्ट. आमचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. दर पौर्णिमेला सांगलीहून एस.टी.ने नरसोबाच्या वाडीला जायचे, कधी चुकवलं नाही. त्या वेळी त्यांचं वय ६९. एका रात्री पंगतीत जेवताना म्हणाले, “एकदा गिरनारला जाऊन यावं म्हणतो. गुरुशिखरावरच्या पादुकांवर डोकं ठेवावं आणि परत यावं.”

मी पटकन बोलून गेलो, “तात्या, वाडीच्या घाटाच्या पायऱ्या चढताना तुम्हाला तीनदा थांबावं लागतं. तिकडे दहा हजार पायऱ्या आहेत!” सगळे हसले. धाकटा भाऊ हसला, आई पदराआड हसली. तात्याही हसले आणि म्हणाले, “खरंय बाबा.” मग त्यांनी ताकाची वाटी उचलली आणि विषय संपला. पुन्हा त्यांनी गिरनारचं नाव काढलं नाही.

चार वर्षांनी ते गेले. त्यांची ट्रंक आवरताना एक पाकीट सापडलं. वर पेन्सिलीने ‘गिरनार’ लिहिलेलं, आत शंभराच्या नऊ नोटा. पेन्शनीतून बाजूला काढलेल्या असणार. बँकेत रोज लाखाची रोकड मोजणारा मी, पण त्या नऊ नोटा मोजताना हात थांबला. आपल्या एका हसण्याची किंमत किती होते, ते त्या दिवशी कळलं.

बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं नेमकं काय करायचं ते ठरत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. नियम असा, की ती लवकरात लवकर योग्य खात्यात न्यायची किंवा ज्याची त्याला परत करायची. पण होतं काय, की नोंद पडून राहते. ऑडिटर विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. आपल्या कितीतरी इच्छांचं असंच होतं. त्या पूर्ण होत नाहीत आणि सुटतही नाहीत. पाकिटात पडून राहतात.

यावर कोणी म्हणेल, की या वयात इच्छा कशाला धरायची? निरिच्छ व्हायचं वय हे. मला हे पटतं, पण अर्धंच. विचार करून, मन भरून जी इच्छा सुटते ते वैराग्य. लोक हसतील म्हणून जी गिळली जाते तिला वैराग्य कसं म्हणायचं? ती भीतीच, फक्त अंगावर वैराग्याची शाल घेतलेली. तात्या हसले ते विरक्तीने नव्हे. विरक्त माणूस पाकिटात नोटा जमवत नाही.

मी २०१९ साली निवृत्त झालो. मधल्या सगळ्या वर्षांत ते पाकीट देवघराच्या खणात होतं. शंभराच्याच नोटा, म्हणून नोटबंदीतूनही वाचल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी घरात म्हणालो, “मी गिरनार चढणार, पायथ्यापासून.” आता हसण्याची पाळी इतरांची होती. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, लिफ्ट बंद पडली तर तुम्ही तळमजल्यावर बसून राहता.” बागेतल्या फिरायच्या ग्रुपमध्ये एकाने डोलीवाल्यांचे दर सांगितले. दुसरा म्हणाला, “जाताना एकेरीच तिकीट काढा.” मी घरी आलो तो फणफणत. आता तर चढणारच, दहाच्या दहा हजार, आणि वरून फोटो पाठवणार!

अंगात हे वारं आठ-दहा दिवस होतं. मग डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हसले नाहीत. छातीची तपासणी करून घेतली, गुडघ्याचा फोटो पाहिला आणि म्हणाले, “जा. पण वजन सहा किलो उतरवा, चार महिने सराव करा आणि अर्ध्यापर्यंत रोपवेने जा. चढण्यापेक्षा उतरणं तुमच्या गुडघ्याला जड जाईल.” तेव्हा मी हिरमुसलो. रोपवेने गेलो तर ती मंडळी काय म्हणतील?

त्या रात्री झोप आली नाही, आणि एक गोष्ट लख्ख दिसली. पादुकांचं दर्शन ही माझी इच्छा, तात्यांची इच्छा. पण दहा हजारांचा आकडा माझा नव्हताच. तो हसणाऱ्यांसाठी होता. लोक हसले म्हणून जाणं सोडलं काय किंवा लोक हसले म्हणून हट्टाने गेलो काय, दोन्हीकडे मालक तेच. तोंडं बंद करायला निघालेला माणूस त्या सगळ्यांना पाठीवर घेऊनच डोंगर चढतो.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण नेहमी वापरतो, पण तिचा पहिला भाग सोडून देतो. आधी ऐकायचं. हसण्याचाही हिशेब मांडायचा. लिफ्टची गोष्ट खरी होती, ती जमेला धरली आणि दुसऱ्या दिवसापासून तीन मजले पायी सुरू केले. एकेरी तिकिटाच्या विनोदात काळजी होती, म्हणून पुतण्याला सोबत घेतलं. उरलं ते निव्वळ हसणं. ते राइट-ऑफ केलं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आलेत, ती आत एकटीच भात कांडते आहे आणि हातातल्या बांगड्या वाजताहेत. ती एकेक करून काढते. शेवटी हातात एकच राहते, तेव्हा आवाज थांबतो आणि कांडणं चालू राहतं. मी तिचं ऐकलं. ग्रुपमध्ये बोलणं बंद केलं. रोज किती पायऱ्या झाल्या ते फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरला माहीत.

पुढच्या पौषात गेलो. रोपवे २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला आहे, भवनाथ तळेटीहून अंबाजीपर्यंत. तिथवर जवळजवळ पाच हजार पायऱ्या वाचतात. पुढे मात्र पायीच. गोरक्षनाथांचं शिखर सगळ्यात उंच. तिथून बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आणि समोर दत्तशिखर पुन्हा उभं. उतरताना गुडघा बोलू लागला. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. किती वेळा बसलो ते मोजलं नाही. डोलीतून एक आजी चालल्या होत्या, त्या हात जोडून म्हणाल्या, “जय गिरनारी.” त्यांना कोणी हसलं असेल का, असा विचार मनात आला.

वर दर्शन किती वेळ झालं? मागून रांग पुढे सरकत होती, अर्धा मिनिटही नसेल. डोकं टेकवलं तेव्हा काही मागायचं सुचलं नाही. ‘तात्या, उशीर झाला’ एवढंच मनात आलं. परतताना कमंडलू कुंडाकडे उतरलो. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला जेवायला वाढतात. अन्नदानात ते पाकीट दिलं. आमच्या सस्पेन्समधली नोंद तेवीस-चोवीस वर्षांनी क्लिअर झाली. पण ज्याची त्याला परत झाली नाही, हे मला माहीत आहे.

सांगलीला आल्यावर ग्रुपमधला एक जण म्हणालाच, “म्हणजे अर्धाच गिरनार!” मी म्हणालो, “हो, अर्धाच.” राग आला नाही याचं मलाच नवल वाटलं.

सगळ्याच इच्छांमागे धावावं असं माझं म्हणणं नाही. मी दोन गोष्टी तपासतो. याचा खर्च दुसऱ्या कोणाला भरावा लागणार आहे का? आणि कोणालाच कळणार नसेल, तरी मी हे करेन का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर दत्तगुरूंचं नाव घेऊन निघावं.

आणि आपण घरातली मोठी माणसं, आपल्याला आणखी एक पथ्य आहे. गेल्या महिन्यात आमची सौ., वय ६१, चहा गाळता गाळता म्हणाली, “मला सायकल शिकायचीय. लहानपणी भावांनी चालवू दिली नाही.” माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं. चांगलं खुसखुशीत वाक्य होतं, सगळे हसले असते. मी ते चहाबरोबर गिळलं.

सध्या रोज सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर मी सायकलचं कॅरिअर धरून मागे पळतो आहे. येणारेजाणारे हसतात. हसू देत.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.