संप, वेठ आणि संविधान

भारतीय संविधानात कामगारांसाठी स्वतंत्र प्रकरण नाही. त्यांचे संरक्षण निरनिराळ्या कलमांत विखुरलेले आहे. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये, वेठबिगारीला मनाई कलम २३ मध्ये, तर निर्वाह वेतन, प्रसूतीसाहाय्य, समान कामाला समान वेतन या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. या तत्त्वांची थेट अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही. कामगारांचे खरे बळ संघटना-स्वातंत्र्यात असावे, असे वाटणे साहजिक आहे. न्यायालयीन इतिहास मात्र वेगळे सांगतो.

बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, संघटना काढण्याच्या हक्कात संप करण्याचा किंवा सामूहिक वाटाघाटी यशस्वी करण्याचा मूलभूत हक्क येत नाही. संपाचा हक्क उरला तो कायद्याने दिला तेवढाच. संपावर निर्बंध घालणाऱ्या मुंबई प्रांताच्या औद्योगिक कलह विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी १९३८ साली विरोध केला होता आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संपही झाला होता. पुढे ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, त्यात संपाचा हक्क आला नाही. संप आणि वाटाघाटी कायद्याच्या हवाली असण्याचे परिणाम १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात दिसले. कामगार युनियन नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बोलणी करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. २००३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक अधिकारही नाकारला. नीतीचा निवाडा देण्याची तिथे गरज नव्हती.

कामगारांच्या कामी आले ते कलम २३. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधकामे चालू होती. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार पैसे मजूर आणणाऱ्या जमादाराच्या हाती द्यायचा, जमादार माणशी एक रुपया कापून घ्यायचा आणि मजुराला मिळायचे सव्वाआठ. एका लोकशाही हक्क संघटनेचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. न्या. भगवती यांच्या निकालाचे सार असे : किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबणारा माणूस स्वखुशीने राबत नसतो, भूक आणि गरिबी हीही सक्तीच आहे, म्हणून ती वेठ ठरते. शिवाय हे कलम केवळ सरकारला नव्हे, खासगी कंत्राटदारालाही बांधते. एका रुपयाच्या कपातीवरून मूलभूत हक्काचा अर्थ एवढा रुंद झाल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

मालकालाही संविधानाचा आधार आहे. मुंबईतल्या एका कपड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात १९७८ साली कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट व्यवसाय-स्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन म्हणून रद्द झाली. संसदेने तरतूद सुधारून पुन्हा आणली आणि २००२ मध्ये ती वैध ठरली.

कोविडच्या टाळेबंदीत कलम २३ पुन्हा पुढे आले. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांना बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला दुप्पट दराऐवजी साधाच दर अशी मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी कलम २३ चाही आधार घेत ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे दुप्पट वेतन पात्र कामगारांना देण्याचा आदेश दिला.