टॉवरचा पैसा आणि माणसांचा अभ्यास

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा वाडीवस्तीवर मोबाइल ही चैन होती. २२ जुलै २०२१ ला तळीये गाडले गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा मोबाइल जवळपास घरोघर होता. पण सावित्रीच्या पुरात महाड बुडालेले, रस्ते बंद, वीज गेलेली, रेंजही गेलेली. बचावपथके तळीयेत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मधल्या सोळा वर्षांत या भागात किती टॉवर उभे राहिले, हे कुठल्यातरी फायलीत सापडेल. फोनवर भरवसा ठेवू लागलेल्या माणसांनी आधीचे कोणते भरवसे सोडले, हे त्या फायलीत सापडणार नाही. ओढ्याचे पाणी गढूळ झाले की वरच्या वाडीत सांगावा धाडायचा, ही रीत अजून चालते की ‘ग्रुपवर टाकलंय’ म्हणून थांबते?

असल्या प्रश्नाला उत्तर हवे तर कुणीतरी तिथे राहिले पाहिजे, आणि राहायला पैसा लागतो.

पोलादपूरच्या डोंगरातली कितीतरी घरे म्हाताऱ्यांनी धरून ठेवली आहेत. मुले मुंबईला, सुरतेला. आजीच्या फोनचा रिचार्ज मुलगा तिकडून मारतो. आलेला मेसेज शेजारचा शाळकरी पोर वाचून दाखवतो. मग फोन नेमका कुणाचा? पूर्वी मनीऑर्डर पोस्टमन दारात आणून जिच्या नावाची तिच्या हातात मोजून द्यायचा. आता पैसे खात्यात पडतात आणि ते काढायला कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून जावे लागते. यात तिचा घरातला शब्द वाढला की घटला? माझा अंदाज घटला असाच आहे, पण अंदाजावर धोरण ठरू नये म्हणून तर संशोधन हवे. तसेच ई-पीक पाहणीचे. २०२१ पासून शेतकऱ्याने शेतात उभे राहून आपले पीक मोबाइलवर नोंदवायचे आहे. सातबाऱ्यावरचा खातेदार डोंबिवलीत आणि चिखलात उभी भावजय, अशा घरात ही नोंद कोण करतो आणि त्यावरून पुढे हक्क कुणाचा ठरतो?

मोठ्या पाहण्या आहेत, पण त्यांची चाळणी मोठ्या भोकांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. आकडा मोलाचा आहे. मात्र ही पाहणी स्त्रियांना विचारते ती १५ ते ४९ या वयातल्या. पोलादपूरची आजी त्यात बसतच नाही.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असेही नाही. पुण्याची गोखले संस्था १९३० साली निघाली आणि १९३५ सालीच धनंजयराव गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. मोटार तेव्हा नवी होती, आज फोन आहे तशी. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, तेव्हा काही खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्कामाला होते. समाजाचा अभ्यास हा त्या प्रयोगाचाच भाग होता, नंतर कुणाकडे मागायची देणगी नव्हे. मला मुद्दा वाटतो तो इथेच.

आज तो दुवा तुटला आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी घेतली जाते. त्या निधीला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. संशोधनाला पैसा द्यायची सोय त्याच कायद्यात आहे, पण ती दूरसंचार सेवा, तंत्रज्ञान आणि उत्पादने यांच्या संशोधनाला. ज्यांच्यासाठी सेवा, त्या माणसांच्या अभ्यासासाठी वेगळा शब्द नाही. या निधीतला लहानसा ठरावीक वाटा समाजशास्त्रीय अभ्यासाला बांधून द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

कंपन्यांनी थेट पैसा दिला तर काय बिघडले, असे कुणी विचारेल. कंपनीला गिऱ्हाईक कळून घ्यायचे असते. रिचार्ज संपल्यावर दोन महिने फोन फळीवर ठेवून देणारी बाई तिच्या हिशेबातून गळते, आणि अभ्यासाला तर तीच हवी आहे. तोच पैसा संसदेने केलेल्या कायद्याच्या वाटेने आला, तर प्रश्न ठरवायचा अधिकार निदान कंपनीच्या हाती राहत नाही. सरकारी पैशालाही अडचणीचे निष्कर्ष आवडत नाहीत, हे खरे. म्हणून विषयांची निवड खात्याने नव्हे, विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी करावी आणि अहवाल खात्याच्या मंजुरीवाचून छापता यावा.

अटी मी दोनच घालीन. अभ्यासकाने जून ते ऑक्टोबर गावात काढावेत, कारण फोनची खरी परीक्षा पावसाळ्यात. आणि जमलेली माहिती मराठीत आधी ग्रामसभेत व मुंबईतल्या गावमंडळात वाचून दाखवावी. त्यात आमचे हे छापू नका, असे कुणी म्हणाले तर ते छापू नये, मग प्रबंधाचे एक प्रकरण कमी भरले तरी चालेल.