तहकूब

मराठीच्या कचेरी-दप्तरांत फारसी अमदानीपासून रुळलेले दोन शब्द आहेत, ‘रद्द’ आणि ‘तहकूब’. पहिल्याने गोष्ट संपते, दुसऱ्याने ती केवळ पुढे ढकलली जाते, आणि म्हणून व्यवहारात दुसरा शब्द पहिल्यापेक्षा सौम्य मानला जातो. परंतु ज्या मनुष्याने एखाद्या ठिकाणी पोहोचण्यासाठी आपला दिवस, आपला पैसा आणि आपल्या मनाची सारी एकाग्रता आधीच खर्ची घातलेली आहे, आणि ज्याला उंबरठ्याशी उभे असताना तहकुबीचा हुकूम ऐकावा लागतो, त्याला हा सौम्यपणा जाणवत नाही. त्याची व्यथा कोणत्या जातीची आहे, आणि धर्मविचाराने किंवा तत्त्वविचाराने तिच्यावर काही उतारा सांगितलेला आहे काय, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे; आणि तो पडण्याचे निमित्त फुटबॉलचे आहे.

२८ नोव्हेंबर २०२१ हा रविवार होता. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बर्नली या, एके काळी कापसाच्या गिरण्यांनी गजबजलेल्या, गावात टर्फ मूर नावाच्या मैदानावर दुपारी दोन वाजता लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघाशी बर्नलीचा सामना व्हावयाचा होता. आर्वेन नावाचे वादळ आदल्या दोन दिवसांत उत्तर ब्रिटनला झोडपून गेले होते, आणि रविवारी हिम पडू लागले. मैदानाचे कर्मचारी फावड्यांनी हिम सारीत होते, चुन्याच्या रेषा मोकळ्या करीत होते, आणि पाहता पाहता मोकळी केलेली जागा पुन्हा पांढरी होत होती. पंच दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांसह मैदानात उतरले, त्यांनी पाहणी केली, आणि खेळ सुरू व्हावयास तासाभराहूनही कमी अवधी उरला असताना सामना तहकूब झाल्याचे जाहीर झाले. तोवर लंडनहून दोनशे मैलांहून अधिक अंतर कापून पाठीराखे येऊन पोहोचले होते. आणि त्यांच्यात, केवळ हा एक सामना पाहण्यासाठी अमेरिकेतील टेक्सासमधल्या डॅलस शहराहून निघालेले एक दांपत्यही होते. त्यांची हकीकत वृत्तपत्रांत आली, तेव्हा टॉटनहॅमचा नामांकित खेळाडू हॅरी केन याने त्यांना लंडनमधील एका सामन्याचे निमंत्रण दिले. ही त्याची सहृदयता खरी. परंतु बाकीच्या शेकडो लोकांना परतीच्या बसमध्ये बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मराठीत आपण ‘पाठीराखा’ म्हणतो, आणि परगावच्या सामन्याला जाणाऱ्या मनुष्याला तो शब्द जितका शोभतो तितका दुसऱ्या कोणालाही शोभत नाही. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ एकाच शाहू मैदानावर परस्परांशी झुंजतात, त्यामुळे तेथील पाठीराख्याला घर आणि परगाव हा भेद फारसा सोसावा लागत नाही. इंग्लंडातील प्रीमियर लीगमध्ये मात्र पाहुण्या संघाच्या लोकांसाठी तीन हजार, किंवा मैदान लहान असल्यास त्याच्या एकदशांश, इतक्याच जागा राखून ठेवण्याचा दंडक आहे. चारी बाजूंनी परक्यांचा जयघोष उठत असताना एका कोपऱ्यात बसून आपल्या अकरा जणांना ‘आम्ही आहोत’ एवढेच सांगावयाचे, हे त्या मूठभर लोकांचे व्रत असते. व्रत हा शब्द मी अलंकार म्हणून योजीत नाही. इंग्लंडमधील कित्येक संघ प्रार्थनामंदिरांच्या ओसरीतच जन्मले आहेत: एव्हर्टनचे मूळ सेंट डोमिंगोच्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे, साउदॅम्प्टनचे सेंट मेरीजमध्ये आहे, आणि टॉटनहॅम हॉटस्पर तर १८८२ साली ज्या शाळकरी पोरांनी काढला, त्यांना पुढल्याच वर्षी आधार दिला तो त्यांच्या बायबल-वर्गाच्या शिक्षकाने.

येथे वारीशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती जपून करावयास हवी. पंढरपुरास पोहोचलेल्या ज्या वारकऱ्याला दर्शनबारीत उभे राहणे शक्य होत नाही, तो कळसाला हात जोडून समाधानाने माघारी फिरतो. कारण विठ्ठल आत विटेवर उभा आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते. दार बंद असले तरी आतले दैवत तहकूब होत नाही. सामन्याचे तसे नाही. तो नव्वद मिनिटे घडतो तेव्हाच असतो; त्याच्या आधी मैदान असते, गोलांचे खांब असतात, पण ज्यासाठी मनुष्य आला ते मात्र नसते. पाठीराख्याला हात जोडावयास कळसच उरत नाही.

आमच्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले आहेत, आणि त्यांतील दोन येथे उपयोगी पडतात. घट घडण्यापूर्वी मातीत घटाचा जो अभाव असतो तो प्रागभाव, आणि घट फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. संघांच्या कार्यालयांत तहकूब सामन्याची नोंद प्रागभावाच्या रकान्यात होते: घट अजून घडला नाही, पुढल्या तारखेस घडेल, सबब कोणाचे काही फुटलेले नाही. पाठीराख्याला मात्र काहीतरी फुटल्याचा आवाज ऐकू येतो. जे अस्तित्वातच आले नाही ते फुटले कसे, अशी शंका कोणी घेईल; तिला उत्तर मला संत ऑगस्टिनच्या आत्मकथनाच्या अकराव्या प्रकरणात सापडते. काळाचे स्वरूप शोधता शोधता तो अशा निर्णयास येतो की, भूत स्मृतीच्या रूपाने आणि भविष्य अपेक्षेच्या रूपाने मनात वर्तमानच असते. हे मानले तर महिनाभर आधी तिकीट काढून ठेवणाऱ्या, रजेची तजवीज करणाऱ्या, पहाटेच्या अंधारात गळ्याला संघाच्या रंगाचा मफलर गुंडाळून निघणाऱ्या मनुष्याच्या ठायी तो सामना आधीच नांदत होता. आणि टर्फ मूरवर जे भंगले ते हेच नांदणे होय. पुढल्या तारखेचा सामना हा दुसरा घट आहे.

परंतु या मनुष्याला नेमके काय हवे होते? निकाल हवा होता, असे वरवर पाहणारा म्हणेल. हे म्हणणे किती अपुरे आहे हे १९६३ च्या हिवाळ्याने दाखवून दिले आहे. त्या वर्षी इंग्लंड आठवडेच्या आठवडे गोठले होते, एफ. ए. कपची तिसरी फेरी ५ जानेवारीस सुरू झाली ती ११ मार्चला संपली. लिंकन आणि कॉव्हेंट्री यांचा सामना पंधरा वेळा तहकूब झाला. स्कॉटलंडमध्ये एअर्ड्री आणि स्ट्रॅनरार यांचा तेहतीस वेळा झाला. आणि हॅलिफॅक्सच्या संघाने आपले मैदान गावकऱ्यांना बर्फावर घसरण्यासाठी खुले केले. सामन्यांच्या निकालांवर पैसे लावणाऱ्या ‘पूल्स’ नामक प्रचंड व्यवसायाची तेव्हा पंचाईत झाली. त्यावर तोड अशी निघाली की, २६ जानेवारी १९६३ रोजी लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे जुने खेळाडू आणि आर्थर एलिस हे पंच लंडनमध्ये एकत्र बसले, आणि जे सामने झालेच नाहीत त्यांत कोण जिंकले असते, कोण हरले असते, कोठे बरोबरी झाली असती, याचा त्यांनी फैसला दिला. पैसे लावणाऱ्यांचे काम त्या फैसल्याने भागले. परंतु आपला संघ त्या बंद दालनात जिंकला म्हणून कोण्या पाठीराख्याने गुढी उभारली असेल, असे मला वाटत नाही. निकाल कर्मावाचूनही निर्माण करता येतो, आणि तसा निर्माण केलेला निकाल हातात घेतला की कळते की आपल्याला हवे होते ते हे नव्हेच.

गीतेचा निष्काम कर्माचा उपदेश या दुःखावर औषध म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात: फळाची आशा धरलीस म्हणून दुःख झाले, ती सोड म्हणजे झाले. हा उपदेश येथे लागू पडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. जो मनुष्य वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघामागे परगावी जातो, त्याने विजयावरचा हक्क केव्हाच सोडलेला असतो. त्याच्याइतका फलासक्तीतून सुटलेला गृहस्थ दैनंदिन संसारात क्वचितच आढळेल. त्याची मागणी एवढीच असते की, घडेल ते घडताना आपण तेथे असावे. गीतेने मनुष्याचा अधिकार कर्मावर सांगितला, फळावर नाही. आणि ऐन वेळच्या तहकुबीने हिरावले जाते ते नेमके कर्मच. ज्याच्याजवळचे फळ गेले त्याला वैराग्य सांगता येते. ज्याच्या हातून कर्मच काढून घेतले, त्याला काय सांगावयाचे?

अर्जुनानेही सहाव्या अध्यायात साधारण याच जातीची शंका विचारली आहे. योगाच्या वाटेवर निघालेला, पण मध्येच अडलेला साधक फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही ना? बर्नलीच्या रस्त्यावर हिमात उभे असलेले लोक याच अर्थाने छिन्नाभ्र होते: घर सुटलेले, सामना न मिळालेला. कल्याण करणाराची दुर्गती होत नाही असे आश्वासन श्रीकृष्णाने दिले आहे, आणि निघालेली पावले वाया जात नाहीत यावर माझीही श्रद्धा आहे. त्या दिवसाच्या प्रवासात शेजारी बसलेल्या वृद्धाला हात देऊन उतरविणारा तरुण, आपल्या डब्यातील खाणे वाटून खाणारी कुटुंबे, ही सामन्यावाचूनही घडलेली सत्कर्मेच होत. तथापि हे आश्वासन देणारा श्रीकृष्ण आहे, तहकुबीचा हुकूम काढणारा अंमलदार नाही, ही गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे.

क्रोधाचाही विचार केला पाहिजे. हिमावर कोणी रागावत नाही. राग कर्ता शोधतो. आणि त्या दिवशी समोर दिसणारा कर्ता म्हणजे पंच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कार्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना चेष्टा, आणि पाचवे दैव. मैदान, खेळाडू, साधने, सगळी जय्यत तयारी असताना पाचवे कारण आडवे आले तर पंचाला दोष देणे अन्यायाचे होईल. इतकेच नव्हे, तर त्याचा निर्णय ही करुणाही असू शकते. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना जिन्यावर सहासष्ट माणसे चेंगरून मेली. १९८९ साली हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीने सत्त्याण्णव प्राण घेतले. मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा १९७५ साली आला तो आयब्रॉक्सच्या त्या मृतांच्या मागून आला. निसरड्या पायऱ्या आणि बर्फाळ रस्ते पाहून सामना थांबविणारा मनुष्य या सर्वांचे स्मरण करीत असतो, आणि ज्याला त्याचा राग येतो त्याचाच जीव तो वाचवीत असतो.

मग पाठीराख्याची फिर्याद निराधार ठरते काय? माझ्या मते नाही. तिची रुजुवात निर्णयावर होत नाही, निर्णय कळविण्याच्या वेळेवर होते. हिमाने माणसाला कसलेही वचन दिलेले नाही. ते कोणाला पूर्वसूचना देणे लागत नाही. मनुष्य मात्र मनुष्याला लागतो. हवामानाचा अंदाज आदल्या दिवशीच प्रतिकूल असताना, ‘पाहू, कदाचित होईल’ या आशेवर हजारो लोकांना अंधारात ठेवून निघू देणे, आणि ते वाटेत निम्मे आल्यावर पाहणीची इत्तला देणे, हे जेथे घडते तेथे दैवाच्या नावावर मानवी प्रमादाची जमा होते. प्रत्येक तहकुबी अशी नसते. मैदान वाचविण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत झगडणारे कर्मचारीही असतात, आणि त्यांची ती झुंज पाठीराख्याच्या प्रेमापोटीच असते. टर्फ मूरवर फावडी चालविणाऱ्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. परंतु या दोन गोष्टींतला भेद करण्याचा हक्क पाठीराख्याला आहे, आणि ‘हवामानापुढे कोणाचे काय चालते’ हे वाक्य तो भेद पुसण्यासाठी वापरले जाते तेव्हा मला ते अधर्माचे वाटते.

बायबलातील याकोबाच्या पत्रात, उद्या अमुक नगरास जाऊ आणि तेथे व्यापार करू असे ठासून बोलणाऱ्यांना बजावले आहे की, प्रभूची इच्छा असेल तर जाऊ असे म्हणत जा. त्या एका वचनावरून इंग्लंडातील धर्मनिष्ठ लोक सभांच्या जाहिरातींखाली ‘डी. व्ही.’ ही लॅटिन अक्षरे छापीत, म्हणजे देवाची इच्छा असल्यास. मुसलमान ‘इन्शाल्ला’ म्हणतो. स्टोइक पंथाचा सेनेका शिकवितो की शहाण्याने समुद्रप्रवासाचा बेत करताना ‘काही आडवे न आल्यास’ अशी पुस्ती मनात जोडावी. पुस्ती सर्वत्र एकच आहे, आणि ती थोर आहे. परंतु लक्षात घ्या, ती सर्वत्र उत्तम पुरुषी आहे. मी माझ्या बेताला जोडावी अशी ती आहे. दुसऱ्याच्या बेतावर छापून, त्याचे पैसे घेऊन, मागाहून त्याला दाखविण्यासाठी ती निर्माण झालेली नाही. समर्पण मागून घेतले की ते समर्पण राहत नाही, ती वसुली होते.

तिकीट पुढल्या तारखेस चालेल असे सांगितले जाते, आणि ते चालतेही. पाहुण्यांच्या तिकिटाला तीस पौंडांची मर्यादा असल्यामुळे तेवढी रक्कम हिशेबात फार मोठी नसते. मोठी असते ती रजा, प्रवासाचे भाडे, आणि म्हाताऱ्या आईजवळ त्या दिवसापुरते बसावयास आलेल्या शेजारणीचे उपकार, जे पुन्हा मागण्याचा संकोच वाटतो. टॉटनहॅमचा तो सामना अखेर २३ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला. तो बुधवार होता, आणि वेळ रात्रीची होती. रविवारी दुपारी जो मनुष्य बर्नलीस जाऊ शकतो, तो आठवड्याच्या मधल्या रात्री तेथून परतून दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर उभा राहू शकेलच असे नाही. बर्नलीने एक गोल केला, टॉटनहॅमला एकही करता आला नाही. जे त्या रात्री आले त्यांना आपल्या संघाचा पराभव पाहावा लागला. आणि जे नोव्हेंबरात हिमातून आले होते पण फेब्रुवारीत येऊ शकले नाहीत, त्यांच्या वाट्याला तो पराभवही आला नाही.