मंडळींत फूट पडली असतां

(वाचावयाचा भाग : गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचनें ११ ते १४)



गांवोगांवच्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार कानीं येतो. उपदेशक तो विचारितात, मंडळीचे वडील विचारितात. आणि ज्या घरांत सासू एका उपासनेस व सून दुसऱ्या उपासनेस जाते, त्या घरास तर तो दर रविवारीं पडतो. प्रश्न असा : आपल्या मंडळींत वाद होऊन तो विकोपास गेला, आणि आपली बाजू खरी आहे असें आपणांस मनापासून वाटतें, तर मंडळी सोडून निराळी प्रार्थना सुरू करावी, कीं ऐक्यासाठीं सारें पोटांत घालून गप्प बसावें?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. चाळीस घरांची मंडळी फुटून वीस वीस घरांच्या दोन झाल्या, कीं दोहोंपैकीं एकीसही पाळकाचा खर्च झेपत नाहीं. रविवारची शाळा बंद पडते. कोणाकडे मयत झालें तर खांदा देण्यास कोणीं जावें, याचाही विचार पडतो. शेजारचे हिंदु व मुसलमान बंधु हें सर्व पाहत असतात. प्रीतीची सुवार्ता आपण त्यांस सांगतों, पण आपल्याच भावाच्या शेजारीं चटईवर बसणें आपणांस जड जातें, ही गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं.

वर सांगितलेल्या दोन्ही वाटा सोप्या आहेत, आणि माझ्या मतें दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली वाट सत्याच्या नांवाखालीं प्रीति सोडिते. दुसरी प्रीतीच्या नांवाखालीं सत्य सोडिते. तिसरी एक वाट आहे, ती अवघड आहे : प्रभूचें मेज सोडावयाचें नाहीं, आणि त्याच मेजाभोंवतीं बसून खरें बोलावयाचें. ह्या वाटेविषयींच येथें थोडें लिहितों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ऐक्य म्हणजे सर्वांनीं एकसारखें होणें नव्हे. आपल्या महाराष्ट्रांतील पंथभेद ह्या मातींत उगवलेले नाहींत. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, ठाणें केलें. स्कॉटलंडचें मिशन, इंग्लंडच्या मंडळीचीं मिशनें, मेथडिस्ट मिशन, हींही आलीं. प्रत्येकानें सुवार्तेबरोबर आपल्या देशांतील जुना वादही नकळत आणिला. भाऊ एका मिशनचा ख्रिस्ती झाला आणि शेजारच्या तालुक्यांत दिलेली बहीण दुसऱ्या मिशनची. असें कां झालें म्हणून त्यांस विचारिलें असतें, तर ‘आमच्या गांवास तेंच मिशन जवळ होतें’ यापलीकडे दुसरें उत्तर त्यांस देतां आलें नसतें. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वांटेज येथें बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती लोकांतील इतके निरनिराळे पंथ पाहून आपलें मन गोंधळून गेलें, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत मोकळेपणीं लिहिलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तोही कोणा एका पंथाचा म्हणून स्थापिला नाहीं. आपल्या थोर वडिलांस हें दुःख तेव्हांपासून सलत होतें.

ह्या दुःखावर उपाय व्हावा म्हणून कित्येकांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या तींत आल्या. मोठ्या ऐक्याचीं बोलणीं १९२९ सालीं सुरू झालीं, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वांत आली. म्हणजे ह्या कामास चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. त्या ऐक्यांत बालकांस बाप्तिस्मा देणारे होते, आणि समजूत आल्यावर स्वतः विश्वास पत्करणाऱ्यासच तो द्यावा असें मानणारेही होते. हा भेद लहान नव्हे. तरी त्यांनीं एकमेकांस पाखंडी ठरविलें नाहीं. दोन्ही रीति एकाच मंडळींत मान्य केल्या. ज्या आईबापांस बालकाचा बाप्तिस्मा हवा त्यांनीं तो करावा. ज्यांस नको त्यांनीं बालक प्रभूपुढें आणून त्यास आशीर्वाद मागावा, आणि मोठेपणीं त्यानें स्वतः बाप्तिस्मा घ्यावा. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टींत मतभेद राहूनही एका मेजावर बसतां येतें, तर पेटी वाजवावी कीं गिटार, उपासना आठ वाजतां करावी कीं दहा वाजतां, असल्या गोष्टींवरून आपण वेगळे कां व्हावें, याचा प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचार करावा.

परंतु येथें दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. ठराव झाल्यानें ऐक्य टिकतें असें नाहीं. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मंडळी १९७० सालीं शेवटच्या टप्प्यावर बाजूस राहिली. जे एक झाले त्यांच्यांतही पुढें वाद निघाले. ब्रदरन मंडळीच्या गुजरातेंतील मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचा निकाल २०१३ सालीं लागला. कागदावरची सही एका दिवसांत होते. माणसांचीं मनें जुळावयास रोजचा सहवास लागतो.

ह्याविषयीं आमचें भिवंडी शहर मोठा धडा शिकविण्याजोगें आहे. नारपोली हें एके काळीं गांव होतें. आज तो भिवंडीचाच भाग आहे, आणि येथें रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालतो. ज्या १९७० सालीं नागपुरास मंडळ्या एक झाल्या, त्याच सालच्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं भिवंडींत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. १९८४ च्या मे महिन्यांत पुन्हां तसेंच झालें. पुढें १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं येथें मोहल्ला कमिट्या उभारिल्या. त्यांत दोन्ही समाजांचे साधे लोक पोलिसांसह एकत्र बसूं लागले आणि भांडण लहान आहे तोंच त्याविषयीं बोलूं लागले. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबई जळत होती, तेव्हां हीच भिवंडी शांत राहिली. त्या वेळीं कोणी एकाएकीं साधु झाला होता असें नाहीं. अफवा आली तेव्हां ती खरी कीं खोटी हें कोणास विचारावें, तें माणूस आधींच ओळखीचें झालें होतें, हें त्यांतलें मुख्य कारण. शांति ही संकटाच्या दिवशीं निर्माण करितां येत नाहीं. ती आधींच्या भेटींतून सांठवावी लागते.

ख्रिस्ती मंडळीचेंही असेंच आहे. फूट ज्या दिवशीं उघड होते, त्या दिवशीं ती पडलेली नसते. दोन वडिलांनीं एकमेकांच्या घरीं जाणें सोडिलें, त्या दिवशीं ती पडली. वर्गणीचा हिशेब वाचून दाखविणें राहून गेलें, त्या महिन्यांत ती पडली. येथील मागावर काम करणारा कारागीर ताण्याचा एक धागा तुटला कीं माग थांबवितो, गांठ मारितो आणि मग पुढें चालवितो. एका धाग्यासाठीं कोण थांबतो म्हणून त्यानें माग तसाच चालू ठेविला, तर पुढचें सारें कापड डागी निघतें. आपण मात्र मंडळींत पहिला धागा तुटतांना पाहूनही पुढचें गीत सुरू करितों.

आतां दुसऱ्या वाटेविषयीं, म्हणजे गप्प बसण्याविषयीं, बोललें पाहिजे. कारण उपदेशक व पाळक यांस ही वाट अधिक मोहांत पाडिते. कोणी तक्रार घेऊन आला कीं, ‘भाऊ, ऐक्य राखा, क्षमा करा,’ असें सांगून आपण मोकळे होतों. हें पुष्कळदां अन्यायास पांघरूण घालणें असतें. आपल्या इतिहासांत ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. महार व मांग ह्या दोन्ही समाजांतून लोक ख्रिस्ताकडे आले, एका पाण्यानें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी कित्येक गांवीं रोटीबेटीचा भेद तसाच राहिला. ज्यास मागें बसावें लागलें, त्यानें तोंड उघडलें तर तोच ऐक्य मोडणारा ठरला. हें उलटें आहे. ऐक्य मोडिलें तें ज्यानें त्यास मागें बसविलें त्यानें. जखम दाखविणारा जखम करीत नसतो.

शास्त्रांत पाहा. यरुशलेमेंतील पहिल्या मंडळींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वांटणींत वगळण्यांत येत होतें, आणि त्याविषयीं कुरकूर झाली (प्रेषितांचीं कृत्यें ६). प्रेषितांनीं कुरकूर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं. सात जण निवडण्यांत आले, आणि त्या सातांचींही नांवें ग्रीक आहेत. ज्यांच्या लोकांवर अन्याय झाला होता, त्यांच्याच हातीं वांटणी सोंपविली गेली, असें ह्यावरून दिसतें. अशा रीतीनें ती मंडळी फुटतां फुटतां वांचली.

अंत्युखियांतील गोष्ट तर आपल्या प्रश्नाचें सरळ उत्तर आहे. पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे; पण यरुशलेमेहून कांहीं लोक आले तेव्हां तो भ्याला व वेगळा बसूं लागला. बर्णबाही त्याच्यामागें गेला. अशा वेळीं पौलानें काय केलें? तो गप्प बसला नाहीं. सर्वांसमक्ष, तोंडावर त्यानें पेत्रास दोष दिला. आणि दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतों : त्यानें अंत्युखियांत दुसरें मेज मांडिलें नाहीं. ‘पेत्राची मंडळी’ व ‘पौलाची मंडळी’ अशा दोन पाट्या त्या शहरांत लागल्या नाहींत. मेज एकच राहावें म्हणूनच तर तो एवढ्या जोरानें बोलला. जो वेगळा होण्याचें ठरवून बसला आहे, त्यास भांडण्याचें कारणच उरत नाहीं. ज्यास एकत्र राहावयाचें आहे, तोच दोष दाखविण्याचे कष्ट घेतो.

येथें कोणी विचारील, ‘पाळकसाहेब, आपण प्रॉटेस्टंट लोक स्वतःच वेगळे झालेल्यांचे वंशज नाहीं काय?’ प्रश्न रास्त आहे. परंतु लूथरनें १५१७ सालीं वाद मांडिला तो मंडळी सुधारावी म्हणून. १५२१ सालीं त्यास बहिष्कृत करण्यांत आलें. ती फूट किती खोल गेली आणि तिच्यापायीं युरोपांत किती रक्त सांडलें, हें इतिहास सांगतो. विश्वासानें नीतिमान ठरणें ह्या मूळ प्रश्नावर लूथरन व रोमन कॅथोलिक मंडळ्यांनीं एकत्र निवेदनावर सह्या केल्या, त्या १९९९ सालीं, आउग्सबुर्ग येथें. पावणेपांचशें वर्षांहून अधिक काळ मध्यें गेला. फुटावयास थोडा काळ पुरतो. सांधावयास पिढ्या लागतात. जो उद्यांच निराळी प्रार्थना सुरू करण्यास निघाला आहे, त्यानें हा हिशेब अवश्य मनांत आणावा.

मग कधींच निघूं नये काय? तसें मी म्हणत नाहीं. जेथें जातीवरून किंवा गरिबीवरून कोणास प्रभूचें मेजच बंद केलें जातें, जेथें उपदेशकास जाणूनबुजून खोटें सांगावयास भाग पाडितात, आणि दाद मागण्याचे सर्व दरवाजे ठोठावून झाले, तेथून निघणें पाप नव्हे. स्त्रीवर किंवा लेंकरावर जेथें अत्याचार झाला, तेथें तर तिला ‘ऐक्यासाठीं थांब’ असें म्हणण्याचा अधिकार कोणासच नाहीं. आणि अशा अपराधाची किंवा मंडळीच्या पैशाच्या चोरीची दाद सरकारांत मागणें हें, पौलानें करिंथकरांस ज्या क्षुल्लक फिर्यादींविषयीं लाज वाटावयास लाविली, त्यांपैकीं नव्हे. पण मान दुखावला, निवडणूक हरलों, पाळक आपल्या बाजूनें बोलला नाहीं, ही कारणें त्यांत बसत नाहींत. आणि निघावेंच लागलें, तरी निघणाऱ्यानें दहा घरें फोडून बरोबर नेऊं नयेत, आणि परतण्याची वाट आपल्या शब्दांनीं बंद करूं नये.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या हातीं मोठमोठ्या परिषदा नाहींत. पण पुढील गोष्टी तुमच्या हातीं आहेत. प्रभुभोजनाच्या आधींच्या आठवड्यांत, ज्यांचें एकमेकांशीं बोलणें बंद आहे, त्या दोन्ही घरीं जा. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट कर, असें प्रभूनें सांगितलें आहे (मत्तय ५). समेट होईपर्यंत अर्पण थांबूं शकतें. वर्गणीचा हिशेब दर महिन्यास मंडळीपुढें वाचा, कोणी मागो वा न मागो. खासगी अपराध प्रथम एकांतांत सांगा, जसें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत आहे. जो दोष उघड व सर्वांस बाधक आहे, तो पौलाप्रमाणें उघड सांगा. दोन बाजू पडल्याच, तरी लेंकरांची रविवारची शाळा दोन होऊं देऊं नका, आणि मयतीस दोन्ही बाजूंनीं जा. जो एका खड्ड्यावर माती टाकावयास एकत्र येतो, तो एका मेजावरही कधीं तरी येईल.

प्रभूनें वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं, आपल्या लोकांनीं एक व्हावें म्हणून पित्याजवळ प्रार्थना केली (योहान १७). तीच रात्र होती, जेव्हां त्याच्या मेजावर त्यास धरून देणारा बसला होता, नाकारणारा बसला होता, आणि मोठा कोण म्हणून वाद घालणारेही बसले होते. प्रभूनें त्यांचे दोष त्यांस स्पष्ट सांगितले, आणि भाकर मोडून त्यांसच दिली. सत्य व प्रीति हीं दोन्ही त्या मेजावर एकत्र होतीं. आपल्या गांवच्या मंडळींतही तीं एकत्र राहावींत, म्हणून येत्या रविवारीं उपासनेस जाण्यापूर्वीं प्रत्येकानें ज्याच्याशीं आपलें बिनसलें आहे त्या एका भावाचें किंवा बहिणीचें नांव घेऊन प्रार्थना करावी, आणि उपासना संपल्यावर त्याच्या घरीं जावें.