न विचारलेला दोष सांगावा काय?

अंबरनाथ एमआयडीसीजवळ कोणाचें तळमजल्याचें घर आहे. पाऊस लागला कीं लादीखालून पाणी वर येतें. तें चैत्रांत चुना लावून विकावें, आणि घेणाऱ्यानें विचारलें नाहीं म्हणून गप्प बसावें, हें असत्य होय काय? कित्येक म्हणतात, "आम्हांस तरी कोणीं सांगितलें होतें?" त्यांचें दुःख खरें, पण तें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५५ सांगतें कीं, जो मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास साधारण काळजीनें कळण्याजोगा नाहीं, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणें कपट होय. ओल उघडी असती तर घेणाऱ्यानें पाहिली असती. चुन्यानेंच ती झांकली. शिवाय परगांवच्या माणसानें विचारावें तरी काय? २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी बदलापुरांत कोठवर चढलें, हें जुन्या रहिवाशांस ठाऊक. कोरडी भिंत तें सांगत नाहीं.

विकणाराही बहुधा कर्जांत असतो. हें आम्ही हलकें लेखीत नाहीं. तरी चुन्यापूर्वीं पाण्याची रेघ दाखवावी, मग भाव बोलावा. भाव उतरेल, हें उघड आहे.