बोलणी खाऊन सेवा करणाऱ्यांसाठी



भोर-वेल्ह्याकडच्या काही भगिनी पुण्यात रुग्णसेवेला जातात. कुणी हॉस्पिटलात, कुणी एखाद्याच्या घरी आजी-आजोबांना सांभाळायला. दिवसभर उचलायचे, धुवायचे, भरवायचे आणि वर बोलणीही खायची!

१४ जुलैला ज्यांचा सण येतो ते संत कामिलस परिचारिकांचे आश्रयदाते. तरुणपणी ते रोममधील एका हॉस्पिटलात सेवक होते. पण भांडखोरपणा आणि जुगार यांपायी त्यांना तिथून काढून टाकले. पुढे त्याच माणसाने १६१४ साली मरेपर्यंत रुग्णांमध्ये ख्रिस्त पाहिला. तेव्हा आज उर्मट वागणाऱ्याबद्दल आशा सोडू नये.

मात्र सहन करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. प्रमुख याजकासमोर शिपायाने तोंडात मारली तेव्हा प्रभू येशूने दुसरा गाल पुढे केला नाही. माझे काय चुकले ते दाखव, नाही तर मारतोस का, असे त्याने विचारले (योहान १८). संत ऑगस्टीन म्हणतात की, गाल पुढे करण्याची तयारी मनात हवी. म्हणजे विचारावे, पण मनात डूख न धरता.

वेदनेने कळवळणाऱ्या आजोबांचे शब्द सोडून द्यावेत. धडधाकट नातेवाइकांना मात्र शांतपणे विचारावे. हॉस्पिटलात कुणी हात उचलला, तर डॉक्टर-नर्सेससाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. घरी काम करणाऱ्या मावशीला त्याचा आधार नाही.

आपल्या घरी अशी मावशी येत असेल, तर तिचा चहाचा कप वेगळा ठेवतो का, हे या रविवारी घरी गेल्यावर पाहावे.