पाकिटावर नाव नको

सत्येंद्र दुबे या अभियंत्याने नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार होते आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंतीही. पत्र सरकारी रिवाजाप्रमाणे या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, नावासकट. वर्षभराने, २७ नोव्हेंबर २००३ रोजी, गयेत दुबेंचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयात तो लुटमारीतला खून ठरला. तसं असेल, पण म्हणून नाव फोडल्याचा दोष कमी होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने रेटा लावल्यावर २००४ मध्ये केंद्राने ठराव काढला. तेव्हापासून केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार बंद पाकिटातून जाते. पाकिटावर नाव-पत्ता लिहायचा नाही; आत मात्र लिहायचाच, कारण निनावी तक्रारीला दाद नाही. व्यवस्था चोख आहे. पण कचेरीत नाव कळायला पाकीट फोडावं लागत नाही. बिलावर सही करायला कोण का-कू करत होतं, हे शिपायालाही ठाऊक असतं.

आणि नेहमीचा सूड नियमात बसवून उगवला जातो. बदली होते, ‘प्रशासकीय कारणास्तव’. गोपनीय अहवालातला शेरा घसरतो. कुठल्याशा जुन्या प्रवासभत्त्याची चौकशी लागते. एकेक कागद सुटा पाहिला तर बिनचूक. त्यामागचा आकस सिद्ध करायचा कर्मचाऱ्याने, आणि पुरावे सगळे साहेबांच्या कपाटात! म्हणून २०१४ च्या जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायद्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते: कारवाई सुडाची नव्हती, हे कार्यालयाने सिद्ध करायचं. राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ रोजी झाली. कायदा लागू करणारी अधिसूचना दहा वर्षं उलटली तरी निघालेली नाही.

खासगी कंपन्यांतले गैरव्यवहार तर या कायद्यात येतच नाहीत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत सोय ठेवावी लागते, म्हणजे गाऱ्हाणं घरातल्या घरातच. रॅनबॅक्सीतली औषधांच्या माहितीची बनवाबनवी उघड करणाऱ्या दिनेश ठाकूर यांना दाद मिळाली ती अमेरिकेत: २०१३ मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलर भरले, आणि तिथल्या कायद्याने त्यातला सुमारे ४.८ कोटींचा वाटा त्यांना मिळाला.

तक्रारदारांना कायद्याने संरक्षण दिलं तर नाराज मंडळी जुने हिशेब चुकते करतील, असं अधिकारी म्हणतात. धास्ती अगदीच खोटी नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, २०१४ च्याच कायद्यात. तीही अजून लागू नाही.